मोठी वाकळ घरी शिवताना

घटस्थापनेआधी दसरा काढायला घेतला की लोहा-कंधारकडं घराघरातून वाकळा धुवायला निघतात. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जायचं, उघड्यावर रात्र काढायची, तर दोघातिघांना पुरेल अशी मोठी वाकळच लागते. ती घरी कशी शिवायची, ते आज सांगते.

हे काम उन्हाळ्याचं. रानातली कामं उरकलेली असतात, अंगण कोरडं असतं. कापड जुनं, सुती घ्या. नवं कापड धुतल्यावर आटतं आणि टाके ओढले जातात. वापरातलं लुगडं आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं. नऊवारी लुगडं म्हणजे २७ फूट. त्याचे चार तुकडे करा, दोन-दोन काठाला काठ जोडा. एकाच लुगड्यात वरची आणि खालची बाजू निघते. आत जुनी धोतरं, चादरी, धडुती. नायलॉनची साडी आत चालेल, अंगाला लागणारी बाजू मात्र सुतीच हवी.

आता टाचण. माझ्या मते मोठी वाकळ इथंच साधते किंवा बिघडते. सारवलेल्या जमिनीवर थर अंथरा, कोपऱ्यांवर दगड ठेवा, दोघींनी समोरासमोर बसून मधून कडेकडं हात फिरवत सुरकुत्या काढा आणि वीत-वीत अंतरावर लांब टाके घाला. कारण आपला धावदोरा कडेपासून सुरू होतो आणि चारी बाजूंनी फिरत आत जातो. टाचण विरळ असलं तर सैल कापड पुढं पुढं सरकत मधोमध येतं आणि तिथं फुगा धरतो. मग उसवण्यावाचून इलाज नाही.

दोरा दुहेरी घ्या, पण फार लांब नको, गुंता होतो. गाठ थरांच्या आत लपवा. कड मांडीवर घेऊन डावा हात खाली धरा. सुईचं टोक बोटाला लागलं की टाका सगळ्या थरांतून गेला. दोरा करकचून ओढू नका. ऊब देते ती थरांमध्ये अडकलेली हवा. थर चेपले की तीही जाते.

सगळ्यात आधी कड झिजते. तिथं ठिगळ लावून पुन्हा धावदोरा घाला. वाकळ पारच विरली, तरी टाकू नका. वरून-खालून दुसरं लुगडं घाला आणि तिलाच नव्या वाकळीची भर करा.