विमानतळाची गाडी कुणासाठी?



संयोजकांची आज्ञा अशी की प्रत्येकाने आपल्या कामातलं काहीतरी सांगायचं, दहा मिनिटांत सांगायचं आणि कुणाला जांभई येऊ द्यायची नाही. मी तिकीट-यंत्रणेचं सॉफ्टवेअर लिहिते. मेट्रोच्या गेटवर तुम्ही कार्ड टेकवता आणि पैसे कापले जातात, ते कापणारा प्रोग्रॅम माझ्यासारखी माणसं लिहितात. त्यामुळे ‘तिकीट किती असावं आणि ते कुणी ठरवावं’ हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. आज त्यातला एकच तुकडा सांगते : विमानतळाला जाणारी खास, महागडी रेल्वे.

विषय लांबचा वाटेल. पण आपल्याच बॅचकडे बघा. काही जण कालच्या विमानाने आले आहेत. काही जण विमानतळावरच पाळीत काम करतात. प्रवासी आणि कामगार, गाडी दोघांनाही लागते. ती दोघांसाठी आखली जाते का, एवढाच माझा मुद्दा आहे.

भूमितीच्या तासाला बाई आधी ‘पक्ष’ लिहायला लावायच्या, मग ‘साध्य’, मग ‘सिद्धता’. जे सिद्ध करायचं तेच पक्षात लिहून टाकलं, तर पुढची पानभर सिद्धता फुकट जायची. विमानतळ-रेल्वेच्या आराखड्यांत नेमकं हेच होतं. ‘विमानाने जाणारा माणूस रेल्वेलाही जास्त पैसे देईल’ हे पक्षात लिहिलं जातं. खरं तर तेच साध्य असतं.

दिल्लीचं उदाहरण घ्या. नवी दिल्ली स्टेशन ते विमानतळ आणि पुढे द्वारका सेक्टर २१, असा सुमारे २३ किलोमीटरचा आणि सहाच स्टेशनांचा मार्ग. करार २००८ साली झाला, ३० वर्षांचा. बोगदे आणि पूल दिल्ली मेट्रोने बांधायचे. गाड्या, सिग्नल, विजेची यंत्रणा खासगी कंपनीने आणायची आणि सेवाही तिनेच चालवायची. फेब्रुवारी २०११ मध्ये गाडी सुरू झाली. वेगवान, चकचकीत, विमानाचं सामान शहरातल्या स्टेशनवरच देऊन टाकायची सोय. तिकीट मात्र साध्या मेट्रोपेक्षा कितीतरी महाग. डबे भरेनात.

जुलै २०१२ मध्ये पुलाच्या बेअरिंगमध्ये दोष आढळले आणि गाडी बंद पडली. जानेवारी २०१३ मध्ये कमी वेगाने पुन्हा सुरू झाली, आणि जून २०१३ संपता संपता कंपनी बाहेर पडली. पूल एकाचा, गाडी दुसऱ्याची. दोष दुरुस्त झाला की नाही, आणि करार मोडायचा हक्क कंपनीला होता की नाही, यावर भांडण जुंपलं. २०१७ मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने २,७०० कोटींहून अधिक रकमेचा निवाडा दिला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने, क्युरेटिव्ह याचिकेवर, तो रद्द केला. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या प्रमाणपत्राकडे लवादाने दुर्लक्ष केलं, असं न्यायालयाने म्हटलं. गाडी दीड वर्षाच्या आत बंद पडली, भांडण मात्र अकरा वर्षांहून जास्त चाललं. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही बिघाड बहुधा जोडावरच सापडतो, जिथे एकाचं काम संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं.

गाडीचं काय झालं? दिल्ली मेट्रोने ती स्वतः चालवायला घेतली आणि भाडं टप्प्याटप्प्याने उतरवलं. सप्टेंबर २०१५ मध्ये नवी दिल्ली ते विमानतळ हे तिकीट १०० रुपयांवरून ६० वर आलं. माणसं येऊ लागली. रूळ तेच होते, गाड्याही त्याच होत्या.

‘म्हणजे दोष खासगी कंपनीचा,’ असं कुणी म्हणेल. थांबा. कॅनडात टोरांटोलाही अशी गाडी आखली होती. तिथे आधी खासगी कंपनी निवडली होती, पण ते जमलं नाही, आणि २०१० मध्ये प्रांतिक सरकारने प्रकल्प हाती घेतला. जून २०१५ मध्ये गाडी धावली, २५ मिनिटांत विमानतळ. तिकीट साडेसत्तावीस डॉलर. इथेही डबे रिकामे. मार्च २०१६ मध्ये तिकीट १२ डॉलर केलं, कार्ड असेल तर ९. मग विमानवाल्यांबरोबर मधल्या स्टेशनांवरची, रोज कामाला जाणारी माणसंही चढू लागली. इथे मालक सरकार होतं, चूक मात्र तीच. पक्षच चुकीचा लिहिला होता.

आता हे तुम्हाला का सांगते? नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. मुंबई विमानतळापासून तिथपर्यंत जाणारी मेट्रो-८ सार्वजनिक-खासगी भागीदारीतून करायचं राज्य सरकारने ठरवलं आहे. भागीदारीला माझा विरोध नाही. सरकारकडे पैसा नेहमी अपुरा असतो आणि शिस्तीची कंपनी चांगली सेवा देऊ शकते. पण करारावर सही होण्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात. प्रवाशांचा अंदाज किती भाडं धरून काढला, आणि त्यात सफाई कामगार, हमाल, सुरक्षारक्षक मोजले का? भाडं वाढवायचा आणि उतरवायचा अधिकार कुणाचा? आणि पुलाला तडा गेला तर दुरुस्ती कुणी, किती दिवसांत करायची, आणि ती झाली हे कुणी ठरवायचं?

मुंबईची मेट्रो-३ दोन्ही टर्मिनलपाशी थांबते आणि तिला साधंच मेट्रोचं तिकीट लागतं. सुटकेसवाला आणि डबेवाली पिशवी घेतलेला माणूस एकाच डब्यात बसतात. त्याने कुणाचं विमान चुकत नाही.

आपल्यापैकी काही जण सरकारी खात्यांत आहेत, काही बँकांत, काही वर्तमानपत्रांत. हे प्रश्न तुमच्या टेबलावर कधी ना कधी येतील. आराखड्याची सिद्धता कितीही देखणी असो, आधी वरची ओळ वाचा. पक्षात काय लिहिलंय ते बघा. हे आपल्याला याच शाळेत शिकवलं गेलं.