तुमचा पाइप शेवटी कुठे जातो?

भिवंडीतल्या सायझिंग आणि डाईंगवाल्यांशी आज एका नेमक्या गोष्टीवर बोलायचं आहे.

"गटारात सोडलं तर मर्यादा सैल असते," असं कारखानदार सांगतात. हे अर्धसत्य आहे. बीओडीचंच उदाहरण घ्या. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. 1986 च्या पर्यावरण संरक्षण नियमांत सार्वजनिक मलवाहिनीसाठी बीओडीची मर्यादा लिटरला 350 मिलिग्रॅम आहे. नदीनाल्यासाठी फक्त 30. पण 350 ची सवलत मिळते ती मलवाहिनी जैविक प्रक्रिया करणाऱ्या केंद्रापर्यंत पोचत असेल तरच. तुमचं गटार नाल्याला आणि नाला कामवारी नदीला मिळत असेल, तर तुम्ही नदीतच पाणी सोडताय. तिथे 30 चीच मर्यादा लागू.

या मर्यादा का? ताण्याच्या सुताला दिलेली खळ रंगाईआधी धुऊन काढतात. ते पाणी कुजतं आणि प्राणवायू संपवतं. रंग चढावा म्हणून टाकलेल्या ग्लॉबर मिठात सल्फेट असतं. बंद गटारात प्राणवायू संपला की जिवाणू या सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड बनवतात. हा वायू गटारात उतरलेल्या माणसाचा जीव घेतो. कॉस्टिक सोड्याचं पाणी तसंच सोडलं, तर प्रक्रिया केंद्रातले उपयोगी जिवाणूच मरतात.

म्हणून चार गोष्टी करा. खळीचं पाणी वेगळं साठवा. बाकीचं पाणी एका टाकीत एकत्र करून थंड होऊ द्या. आम्लारीधर्मी आणि आम्लधर्मी पाणी तिथे बरंचसं एकमेकांना मारतं. सोडण्याआधी पीएच तपासा, तो 6.5 ते 8.5 च्या दरम्यान हवा. आणि टाकीतला गाळ गटारात कधीही ढकलू नका.

सांडपाणी सोडायला 1974 च्या जलप्रदूषण कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. ते फायलीत ठेवू नका, त्यातल्या अटी सुपरवायझरला वाचून दाखवा.

रहिवाशांनो, रंगीत पाणी दिसलं तर वेळ, जागा, रंग लिहून फोटोसह मंडळाकडे आणि महापालिकेकडे तक्रार द्या. गटाराचं झाकण उघडून आत वाकू नका.

आणि कारखानदारांनो, आपला पाइप कुठे जातो हे महापालिकेकडून लेखी विचारून घ्या. उत्तर येईपर्यंत 30 हाच आकडा धरून चाला.