सशाच्या पायाखाली

माझ्या नातीने पांढरा ससा पाळला. त्याला मी जाळीचा पिंजरा केला. खालीही जाळीच. वाटले, लेंड्या आपोआप खाली पडतील, झाडायला नको. मास्तरची अक्कल!

दोन महिन्यांनी ससा जागचा हलेना. नातीने त्याचे मागचे पाय मला दाखवले. टाचांचे केस झडले होते. एका टाचेला जखम होती. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही अनवाणी उभे राहा बघू जाळीवर." मी काय बोलणार?

कुत्र्याच्या तळव्याला गादी असते. सशाला ती नाही, नुसते दाट केस. बसला की त्याचा भार टाचांवर येतो आणि तार रुतते. ओल राहिली तरी कातडी सोलते.

जनावरांच्या डॉक्टरांकडून औषध आणले. जाळीवर लाकडी फळी टाकली. खिळ्याचे टोक वर ठेवले नाही. आधी गोणपाट घातले होते, पण ससा त्याचे धागे गिळू लागला, म्हणून काढले. आता फळीवर वाळले गवत जाडसर पसरतो. ते त्याने खाल्ले तरी चालते. शहाबादी फरशी धुवायला सोपी खरी, पण गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात. सारवलेली जमीन तो उकरतो.

ससा बहुधा एकाच कोपऱ्यात मुततो. तिथे जुनी परात ठेवली, तिच्यातही गवत. ते रोज बदलतो, ओले उकिरड्यावर टाकतो. फळ्या दोन केल्या आहेत. एक धुऊन उन्हात, दुसरी पिंजऱ्यात.

जखम भरली. टाचेवर केस मात्र अजून विरळच आहेत.