पैनगंगेपलीकडचा हैमेनडॉर्फ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बाभुळगावाहून यवतमाळ, यवतमाळहून पांढरकवडा आणि तिथून हैदराबाद रस्त्याने पैनगंगा ओलांडली की आदिलाबादचा मुलूख लागतो. राज्य बदलते, पाट्यांवरची लिपी बदलते. माणसे मात्र तीच. गोंड, परधान आणि कोलाम नदीच्या दोन्ही काठांना राहतात, सोयरिकीही दोन्हीकडे आहेत. पौष अमावस्येला केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते, तेव्हा आपल्या बाजूचे गोंडही तिकडे जातात. या लोकांचे जगणे ज्याने बारकाईने लिहून ठेवले, तो मानववंशशास्त्रज्ञ थेट व्हिएन्नाचा होता. त्याचे नाव ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हैमेनडॉर्फ.

जन्म १९०९ चा. १९३६ साली ते हिंदुस्थानात आले आणि नागा लोकांत राहून अभ्यास केला. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. ऑस्ट्रिया तोवर जर्मनीने गिळला होता, म्हणून हैमेनडॉर्फ यांच्याकडे जर्मन पासपोर्ट होता. इंग्रज सरकारच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानाबाहेर जाऊ नये, असे बंधन आले. दुसरा एखादा हात बांधून बसला असता. हे मात्र पत्नी बेट्टी यांना सोबत घेऊन आधी चेंचूंच्या आणि मग कोंडारेड्डींच्या वस्त्यांवर गेले.

आदिलाबादला ते पोचले, त्याआधीच तिथे रक्त सांडले होते. जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम या गोंड तरुणाने निजामाच्या अंमलदारांविरुद्ध बंड केले आणि १९४० मध्ये तो पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. दरबारी नजरेतून तो बंदोबस्ताचा मामला होता. हैमेनडॉर्फ मार्लावाई या गोंड खेड्यात मुक्काम ठोकून राहिले, गोंडी शिकले आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला : शांतपणे शेती करणारा माणूस बंदुकीसमोर उभा राहतो, तो का?

उत्तर जमिनीत होते. हलक्या जमिनीवर काही वर्षे पीक घ्यायचे, मग ती पडीक ठेवून दुसरा तुकडा वाहायचा, ही गोंडांची जुनी रीत. महसूल खात्याला ती पडीक जमीन बेवारस वाटे. बाहेरून आलेला हुशार माणूस अर्ज करी आणि पट्टा आपल्या नावावर करून घेई. इकडे जंगल खाते राखीव जंगलाच्या रेषा आखी आणि त्यात वस्त्याच्या वस्त्या सापडत. सरकारी कागद उर्दूत. ज्याची जमीन जाई, त्याला ती गेल्याचा कागदही वाचता येत नसे. कोलामांची अवस्था तर आणखी बिकट होती. डोंगरउतारावरची त्यांची फिरती शेतीच बंद झाली होती.

हे सारे हैमेनडॉर्फ यांनी गावोगाव फिरून टिपले आणि अहवालांतून सरकारपुढे ठेवले. पुढे ते निजाम सरकारचे आदिवासींविषयीचे सल्लागार झाले. हजारो कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. नागोबाच्या जत्रेत दरबार भरू लागला, तिथे अधिकाऱ्यांनी समोर बसून तक्रारी ऐकायच्या. १९४३ साली मार्लावाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. गोंडी वाचनमाला छापली गेली आणि तिची लिपी होती देवनागरी, कारण या गोंडांचा रोजचा संबंध मराठीशी होता. पुढे आपले सेतुमाधवराव पगडी हेही या भागात अधिकारी म्हणून आले. त्यांनी गोंडी आत्मसात करून तिचे व्याकरण लिहिले.

गोष्ट इथेच संपली असती तर गोड झाली असती. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. राजुऱ्यासारखा काही भाग इकडे आला, बाकीचा आदिलाबाद आंध्रात गेला. कारभाराची आणि शाळेची भाषा तेलुगू झाली. सत्तरच्या दशकात, लंडन विद्यापीठातली प्राध्यापकी संपताना, हैमेनडॉर्फ पुन्हा त्याच गावांत फिरले. ज्यांच्या हातात पट्टे पडलेले त्यांनी पाहिले होते, त्यांतल्या कितीतरी जणांची जमीन सावकाराकडे किंवा बाहेरच्या शेतकऱ्याकडे गेली होती. संरक्षणाचे कायदे होते, पण ते बजावणारे कोणी नव्हते. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्याप्रमाणे तेरा जण मेले. चाळीस वर्षांनी गाडी पुन्हा जोडेघाटालाच येऊन थांबली. १९८२ च्या आपल्या ग्रंथात हैमेनडॉर्फ यांनी ही घसरण लिहून ठेवली.

मग त्यांचे काम वाया गेले का? मला तसे वाटत नाही. पण त्यातून एक धडा निघतो. त्यांचे म्हणणे सरकारने ऐकले, कारण बंडानंतर सरकारलाही शांतता हवी होती. ती गरज संपली आणि कानही मिटले. एका भल्या माणसाच्या शब्दावर उभे राहिलेले संरक्षण त्या माणसाच्या मुक्कामाइतकेच टिकते. कागद ज्याचा, त्याला तो वाचता आला पाहिजे आणि बोलूनही दाखवता आला पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात मारेगाव, झरी-जामणी, केळापूर या भागांत कोलामांचे पोड आहेत. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना सरकार विशेष दुर्बळ मानते, त्यांत माडिया आणि कातकरी यांच्यासोबत कोलामही आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचा हक्क मानला. दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेकडे दिली. आणि त्याच्या नियमांत एक मोलाची गोष्ट आहे : गावातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे लिहून घेतले, तर तेही पुरावा म्हणून चालते.

म्हणजे मार्लावाईत एका परदेशी विद्वानाने जे केले, ते आज पोडातली शिकलेली मुलगी करू शकते. आज्याला विचारायचे, हे शेत कोणी फोडले, देव कुठे बसवला, मसणवट कुठली, कोणत्या साली कोणी हाकलले. ते वहीत उतरवायचे. मग ग्रामसभेत कोलामीत मोठ्याने वाचून दाखवायचे, म्हणजे चुकले असेल तर चारचौघांत दुरुस्त होईल. यासाठी व्हिएन्नाहून कोणी यायची गरज नाही. सवड आणि ऐकण्याची तयारी मात्र हवी. पोडातली म्हातारी माणसे एकेक करून जात आहेत, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

बेट्टी १९८७ साली हैदराबादला वारल्या. त्यांना मार्लावाईत मातीत ठेवले. हैमेनडॉर्फ १९९५ साली लंडनला गेले. पुढे त्यांच्या अस्थीही बेट्टींच्या शेजारी आणून ठेवल्या. मार्लावाईचे गोंड आजही दोघांची पुण्यतिथी पाळतात.