छातीवरील दाब आणि उसना श्वास
(पर्वत पाटिया, सुरत येथील मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. कचेरीत आयुष्यभर कागद सांभाळलेला एक निवृत्त कारकून. तरीही हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. माझ्या बालपणी, गोव्यातील आमच्या गावच्या देवळाच्या तळीतून एका मुलाला बाहेर काढले होते. जमलेल्यांनी त्याला पाय धरून उलटे टांगले, पोट दाबले, पाणी काढण्याची पराकाष्ठा केली. त्याच्या तोंडात श्वास मात्र कुणीच फुंकला नाही. ती विद्या तेथे कुणालाच ठाऊक नव्हती. त्याच्या आईचा हंबरडा अद्यापि माझ्या कानी आहे.

वास्तविक 1950 च्या दशकाच्या अखेरीस डॉ. पीटर सफार यांनी तोंडाने दिलेल्या श्वासाची उपयुक्तता प्रयोगाने सिद्ध केली होती. आपण बाहेर सोडतो त्या हवेतही सुमारे 16 टक्के प्राणवायू शिल्लक असतो. 1960 मध्ये कोवेनहोव्हेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी छातीवरील दाबाने रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे दाखवून दिले.

हल्ली सामान्य माणसास "फक्त छाती दाबा" असे शिकवितात. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये आखलेल्या पद्धतीचाही भर दाबावरच आहे. हे योग्यच होय. प्रौढ मनुष्य हृदय बंद पडून अकस्मात कोसळतो, तेव्हा त्याच्या रक्तात काही मिनिटे पुरेल इतका प्राणवायू असतो. तेथे दाबात खंड पडू न देणे महत्त्वाचे. गुजरातेत डिसेंबर 2023 मध्ये शाळाशिक्षकांनाही हे शिक्षण देण्यात आले.

परंतु बुडालेला, धुराने गुदमरलेला किंवा श्वास कोंडलेले बालक, यांची गोष्ट निराळी. तेथे आधी श्वास थांबतो आणि मागाहून हृदय. रक्तातील प्राणवायू तोपर्यंत संपलेला असतो. नुसत्या दाबाने तेच रक्त फिरत राहते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून बुडालेल्यास प्रथम श्वास द्यावा, मग दाब.

रीत सोपी आहे. मदतीसाठी हाक मारावी आणि दुसऱ्याकरवी 108 ला कळवावे. रोग्यास सपाट जमिनीवर उताणे निजवावे, डोके मागे कलवून हनुवटी उचलावी, नाक चिमटीत धरावे आणि छाती वर उचललेली दिसेल इतकाच श्वास सुमारे एक सेकंद द्यावा. प्रौढास 30 दाबांमागे 2 श्वास. दाब मिनिटाला 100 ते 120 आणि सुमारे 5 सेंटिमीटर खोल. अधिक जोराने वा वारंवार फुंकू नये. हवा पोटात जाऊन उलटी होते आणि छातीतील दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त अडते. पोट दाबून पाणी काढण्यात तर क्षणही दवडू नये.

तापीचा ऑगस्ट 2006 चा महापूर आपल्यापैकी कित्येकांनी पाहिला आहे. पावसाळ्यात आपल्या पर्वत पाटियालगतची खाडीही फुगते आणि मुले काठावर खेळत असतात. प्रत्येक घरातील निदान एकाने जाणकाराकडून ही विद्या हाताने शिकून घ्यावी, एवढीच माझी विनंती. त्या तळीकाठी जमलेल्यांच्या अंगी दयेची उणीव नव्हती. उणीव होती ती ज्ञानाची. ती आता आपल्याकडे राहू नये.