टाळ हातात, मन दुसरीकडं

आम्ही चौथी शिकलेले, शेती करणारे. शंभराव्या वर्षाचं दोन शब्द बोला म्हणालात. कीर्तन नाही करत आज, आमची एक चूक सांगतो.

पंचवीस-तीस वर्षं आम्ही सांगत आलो, की ज्याच्या मुखात नाम त्याचं मन आजारी पडत नाही. लोक माना डोलवायचे. एकदा शेजारच्या वाडीतला एक पोरगा कीर्तनानंतर पाया पडायला थांबला. म्हणाला, बुवा, झोप येत नाही, कशात जीव लागत नाही. आम्ही म्हणालो, हरिपाठ चुकतोय तुझा. खाली मान घालून गेला बिचारा.

मग आमचीच पाळी आली. डाळिंबाची बाग तेल्यानं गेली. लेकरासारखी सांभाळलेली झाडं आपल्याच हातानं उपटून बांधावर पेटवली. सोसायटीचं कर्ज तसंच. रडूसुद्धा आलं नाही. रोज पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. भाकरीला चव नाही. गोठ्यात गेलो की कशाला आलो तेच आठवेना. नातवाचं हसणं कानाला टोचायचं. काकडा चुकला नाही, हरिपाठ चुकला नाही. तोंडानं नाम चालू आणि आत सगळं रिकामं. घरच्यांनी बाहेरचं काही असेल म्हणून अंगारा आणला, तो गुमान लावून घेतला. कीर्तनकारानं सांगायचं कुणाला?

तुकोबारायांच्या घरातली माणसं दुष्काळात गेली, दुकान बुडालं. त्यांनी ते लपवलं नाही, अभंगात सांगितलं. आम्ही जन्मभर ते गायलो आणि आपलं मात्र झाकून ठेवलं.

त्या वर्षी दिवेघाट चढताना आम्ही मागं मागं राहायला लागलो. आमच्या पखवाजवाल्यानं हेरलं. सासवडच्या मुक्कामी, राहुटीत सगळे निजल्यावर, पाय दाबायच्या निमित्तानं जवळ बसला आणि सरळ विचारलं, "बुवा, जीव नकोसा झालाय का? वाईट काही येतं का मनात?" आम्ही हो म्हणालो. घरात सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं. त्यानं उपदेश केला नाही. आम्ही असतो तर केला असता! त्याच रात्री त्यानं १४४१६ ला फोन लावून दिला. सरकारचा नंबर आहे, फुकट, रात्री-अपरात्रीही चालतो. पलीकडची बाई मराठीत बोलली, घाई न करता. वाखरीपर्यंत पखवाजवाल्यानं आम्हाला एकटं सोडलं नाही. द्वादशीचं पारणं झालं आणि त्यानंच आम्हाला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. थायरॉईड बिघडला तरी असं होतं म्हणाले. मग नैराश्याच्या गोळ्या दिल्या. गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, हे दोनदा बजावलं. फवारणीची औषधं कुलपात ठेवायला लावली, किल्ली सुनेकडं. आम्ही विचारलं, डॉक्टर, आमचं नाम कमी पडलं का? ते म्हणाले, बुवा, मोतीबिंदू काढलात तेव्हा हे विचारलं होतं का?

तिसऱ्या आठवड्यात एकदा पहाटे पाचपर्यंत झोप लागली. मंडळी घाबरून उठवायला आली!

तेव्हा माउली, टाळकऱ्यांत कुणी दोन आठवडे जेवेना, झोपेना, बसून नसल्यासारखा दिसला, तर त्याला पखवाजवाल्यासारखं सरळ विचारा. विचारल्यानं वाईट मनात भरतं असं आम्हालाही वाटायचं. तसं नसतं. आमचं तर त्या रात्री ओझं उतरलं.

पुढं आम्ही त्या वाडीतल्या पोराच्या दारात गेलो. म्हणालो, बाळा, त्या दिवशी आम्ही तुला चुकीचं सांगितलं. तो काही बोलला नाही. त्याच्या आईनं आत बोलावून चहा ठेवला. पुढच्या सोमवारी दवाखान्यात आमची तारीख होती. त्याला बरोबर नेलं, त्याचाही केसपेपर काढला. यंदा दिंडीच्या पाण्याच्या टँकरवर तोच आहे. रामकृष्ण हरी.