444 अक्षरांतलं एक

रोडपालीतून बोलतोय. मागे ट्रेलरचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. खिडकी बंद केली की उकडतं, उघडली की डास. डासांचं काम आजच्या भागात आहेच म्हणा.

विषय आहे म्युटेशन, मराठीत उत्परिवर्तन. शब्द ऐकला की एक्स-मेन आठवतात, पण मी माझंच उदाहरण घेतो. मी सिकलसेलचा वाहक आहे. रिपोर्टवर 'एएस' लिहिलेलं असतं. आम्ही मूळचे चंद्रपूर जिल्ह्यातले, तिकडे ही दोन अक्षरं कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. इकडे ऑफिसात सांगितलं तर लोक पाण्याची बाटली घेऊन धावतात. अरे, मला काही झालेलं नाही!

झालंय ते एवढंच. अकराव्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनचं जनुक असतं. हिमोग्लोबिनचा अर्धा भाग त्याच्या सूचनेवरून बनतो. सूचना 444 अक्षरांची, आणि त्यातलं एक अक्षर बदललंय: 'जीएजी'च्या जागी 'जीटीजी'. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. (सुरुवातीचं मेथिओनाइन मोजत नाहीत म्हणून सहावं. आमच्या झिरो-इंडेक्सिंगसारखंच.) ऑक्सिजन सुटला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, त्याच्या काड्या होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. नेहमीची लाल पेशी 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत संपते.

माझ्याकडे एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली आहे, म्हणून माझं भागतं. माझ्या आतेभावाकडे दोन्ही प्रती तशाच. तो 'एसएस'. थंडी पडली, पाणी कमी पडलं, ताप आला की वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. दहावीच्या वर्षी तो पाय पोटाशी घेऊन रात्रभर ओरडत होता आणि घरातले आम्ही सगळे नुसते बसून होतो. आता हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी बराच फरक आहे. त्या गोळीमुळे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा जास्त बनायला लागतं. चुकीचं अक्षर तसंच राहतं, पण त्याचा त्रास कमी होतो.

मग इतकं वाईट जनुक हजारो वर्षांत गळून का नाही पडलं? इथे डास येतो. 1954 साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं की वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळतं. परजीवी शिरलेली पेशी वाकते आणि प्लीहा ती लवकर काढून टाकते. फाल्सिपेरमच्या गंभीर मलेरियापासून वाहकाला जवळजवळ 90 टक्के संरक्षण असतं. विदर्भ, नंदुरबार, पालघर या जंगलपट्ट्यांतले गोंड, माडिया, पावरा, भिल्ल असे समाज पिढ्यान्‌पिढ्या मलेरियासोबत राहिले. त्यांच्यात आणि विदर्भातल्या इतर काही समाजांतही हे जनुक टिकलं. काही गटांत वाहक 20 टक्क्यांच्याही वर आहेत.

मी पायथनमध्ये तीसेक ओळींचं सिम्युलेशन लिहिलं. आकडे माझ्या अंदाजाचे हं: साध्या माणसाला मलेरियामुळे 10 टक्के तोटा, एसएसला 80 टक्के, वाहकाला शून्य. जनुक 1 टक्क्यापासून सुरू केलं, तर पन्नास पिढ्यांच्या आत 10 टक्क्यांवर पोचलं आणि 11च्या आसपास थांबलं. म्हणजे पाचातला एक वाहक! नंतर मी मलेरिया शून्य केला. वाटलं, आता पटकन पडेल. पण 1 टक्क्यावर परत यायला शंभरहून जास्त पिढ्या लागल्या, कारण जनुक माझ्यासारख्या धडधाकट लोकांत लपून बसतं.

1 जुलै 2023ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047चं लक्ष्य. यातला 'निर्मूलन' शब्द मला खटकतो. जनुक 2047ला कुठेही जाणार नाही. दोन वाहकांना आधीच माहीत असेल तर एसएस बाळांचे जन्म मात्र कमी होऊ शकतात.

आणि हे माहीत असणंच अवघड करून ठेवलंय. माझ्यासाठी स्थळं बघतायत. बायोडाटात ब्लड ग्रुपखाली मी 'सिकलसेल एएस' लिहिलं, तर आई म्हणाली, "कशाले लिवतं बापा? लोक रोगी समजतीन ना." तिचं चूक नाही. आमच्याकडे मुलगी वाहक निघाली की स्थळ मोडतं, आणि मुलगा निघाला तर "थोडं रक्त कमी आहे" म्हणून झाकतात. आतेभावाच्या वेळी आत्या आणि मामंजी दोघंही वाहक होते. कुणी तपासलंच नव्हतं, पण बोल लागला फक्त आत्याला.

गणित सोपं आहे. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात 25 टक्के शक्यता एसएसची. पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं, फासा दरवेळी नव्याने पडतो. एकच जण वाहक असेल आणि दुसरा पूर्ण नॉर्मल, तर एसएस मूल होत नाही. पण 'पूर्ण नॉर्मल' हे नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवरून ठरवू नका. समोरचा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तर ती टेस्ट गप्प बसते, आणि मुलाला सिकल-थॅलेसेमिया होऊ शकतो. एचपीएलसी करायला सांगा. दोघं वाहक असूनही लग्न करता येतं. गर्भाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्यात होते. परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत या आजारांवर वर्षानुवर्षं काम चालू आहे.

बायोडाटातली ओळ मी काढली नाही. तीन स्थळांकडून उत्तरच आलं नाही. चौथी वर्ध्याची. तिने फोनवर पहिलं विचारलं, "एचपीएलसी केलीय की नुसती सोल्युबिलिटी?" तिचा रिपोर्ट बुधवारी येणार आहे. पुढचा भाग नेहमीप्रमाणे शनिवारी.